निळ्या हॅटमधले जॉनसाहेब

शुक्रवार, ६ सप्टेंबर १९७४

संध्याकाळी पास्टर डॉसन आले. लिंबू सरबत प्यायले, पेअरचा मुरंबा दोनदा मागून घेतला, कापसाच्या पिकाबद्दल बोलले, आणि निघताना दारात थांबून म्हणाले, "होलोवे बाई, रविवारच्या शाळेच्या प्रमुखपदासाठी या वेळी मतदान घ्यावं, असं काही मंडळींचं म्हणणं आहे." वाईट बातमी आणलेला माणूस ती नेहमी दारातच सांगतो.

टकर्स मिल गावातल्या आमच्या न्यू गिलियड चर्चची रविवारची शाळा मी सव्वीस वर्षं चालवते आहे. एकदाही मतदान झालेलं नाही. उभा कोण राहणार, हे मी विचारलं. ल्यूशियस टार्व्हर. वय तीस, धंदा विमा विकण्याचा. त्याला चर्चमध्ये प्रोजेक्टर आणून मुलांना पडद्यावर बायबलच्या गोष्टी दाखवायच्या आहेत. वचनं पाठ करून घेणं बंद. मी पास्टरना म्हटलं, "नोहाचं तारू पडद्यावर दाखवलं म्हणून मुलांना पोहता येणार नाही." ते हसले आणि लगबगीने गेले. मतदान सहा ऑक्टोबरच्या रविवारी आहे.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी जिथे शिकवत होते, ती आमची काळ्या मुलांची शाळा चार वर्षांपूर्वी सरकारने बंद केली आणि मुलं गोऱ्या मुलांबरोबर मोठ्या शाळेत गेली. ते योग्यच झालं. पण त्या शाळेला माझी गरज नव्हती. तेव्हापासून मी 'बसा' म्हटल्यावर कोणीतरी बसतं, असं आठवड्यातून एकदाच होतं. तेही गेलं, तर रविवारी सकाळी हातात छडी घेऊन मी कुठे उभी राहायचं?

आयोला स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. आयोला ही माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून माझ्याकडे राहते आणि माझ्या घरात मला अक्कल शिकवते.

"ताई, तू पडणार," ती म्हणाली.

"कारण?"

"लोक तुला घाबरतात. घाबरणारा माणूस तोंडावर 'होय बाई' म्हणतो आणि चिठ्ठीवर सूड घेतो. तुला मंतरलेल्या मुळाची गरज आहे."

मेकन शहरात कोणी डॉक्टर पार्ट्रिज आहे. तो मेणबत्त्या, तेलं आणि वाळलेली मुळं विकतो. त्याला डॉक्टर कोणी केलं, हे विचारलं की आयोला विषय बदलते. मी तिला बजावलं, की मी पदवीधर आहे आणि त्यातली दोन वर्षं वनस्पतीशास्त्र शिकले आहे.

सोमवार, ९ सप्टेंबर

आयोला सकाळच्या बसने मेकनला गेली. दात दाखवायला, असं सांगून. दुपारी परत आली ती लाल फ्लॅनेलची छोटी पिशवी घेऊन. पिशवीत जायफळाएवढं, काळपट, सुरकुतलेलं मूळ. ते तिने टेबलावर पांढरा रुमाल अंथरून त्यावर ठेवलं. मला कॉफी देताना ती कधी बशीसुद्धा ठेवत नाही.

"यांचं नाव 'हाय जॉन'," ती म्हणाली. "जगात कोणापुढे हार न जाणारे. खटला असो, जुगार असो, मतदान असो."

"हे रताळ्याच्या कुळातलं मूळ आहे," मी म्हटलं. "रताळ्याच्या चुलत भावाकडून मी मतं मागणार नाही."

"हळू बोल. जॉनसाहेबांना ऐकू जातं."

मुळाला अहोजाहो आणि सख्ख्या बहिणीला अगंतुगं. मग तिने नियम सांगितले. जॉनसाहेबांना अंगावर बाळगायचं. ज्याचं काम, त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी पाहायचं नाही. दुसऱ्याने हात लावला, की ते त्याचे होतात. आणि दर शनिवारी त्यांना पाजायचं.

"काय पाजायचं?"

आयोला खिडकीबाहेर पाहू लागली. "थोडी व्हिस्की."

चर्चच्या मद्यनिषेध समितीची मी चिटणीस आहे. या घरात वडिलांच्या काळापासून दारूचा थेंब आलेला नाही. १९७१च्या फ्लूनंतर माझ्या नाकाला वास येत नाही, पाव करपलेला आयोला ओरडल्यावर कळतो, तेव्हा वासाचा त्रास मला होणार नव्हता. पण तत्त्वाला नाक लागत नाही. मी ते मूळ घराबाहेर टाकायला सांगितलं.

"टाकता येत नाही, ताई. तुझा केस घालून पिशवी शिवून घेतली आहे."

"माझा केस तुला कुठे मिळाला?"

"कंगव्यात. बरं, चिडू नकोस. तुला दिसणार नाहीत अशा ठिकाणी ठेवते, मग तर झालं?"

मी तो विषय संपवला. रात्री जेवताना आयोला अगदी नरमली होती. माझ्या निळ्या हॅटचं अस्तर उसवलंय, ते मी शिवून देते, असं आपणहून म्हणाली. ती सुई आपणहून हातात घेते, म्हणजे पश्चात्तापच. मी हॅट दिली.

रविवार, १५ सप्टेंबर

फार उकाडा होता. मी नेहमीच्या जागी, दुसऱ्या बाकावर, खिडकीशेजारी. ऊन थेट डोक्यावर येत होतं, पण निळी हॅट चांगली रुंद आहे. आयोलाने अस्तर नीटनेटकं शिवलं आहे. हॅट किंचित जड वाटते, पण जाड दोरा वापरला असेल.

माझ्या शेजारी ब्युला स्ट्रिकलंड बसते. जाडजूड, प्रेमळ आणि चौकस. पहिल्या भजनानंतर तिने माझ्याकडे पाहिलं, नाक फेंदारलं, पुन्हा पाहिलं. मग पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातात ठेवली. मी ती खाल्ली. तिने दुसरी दिली. प्रवचन संपेपर्यंत अशा पाच-सहा झाल्या. मी काय गोळ्या चारून चुचकारायचा घोडा आहे?

पुढच्या बाकावरच्या बायका मागे वळून पाहत होत्या. कडेला उभ्या असलेल्या स्वयंसेविकेने पंखा आणून मला वारा घातला. मी म्हटलं, "मला चक्कर आलेली नाही." ती म्हणाली, "नाही, बाई. मुळीच नाही." आणि जोरात वारा घालू लागली.

निघताना पास्टरांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. चर्चमध्ये आम्ही सगळे एकमेकांचे ब्रदर आणि सिस्टर. "सिस्टर वर्नेटा, कधी मन मोकळं करावंसं वाटलं, तर वेळ पाहू नका." मी सांगितलं की मला मुलांसाठी खडू हवे आहेत, पाठीमागच्या खोलीतले संपलेत. त्यांचे डोळे भरून आले. खडूंसारख्या गोष्टीवरही ते इतके हळवे होतात, हे मला माहीत नव्हतं.

टार्व्हर मात्र लांबून माझ्याकडे पाहून हसत होता. निवडणुकीची हवा त्याच्या बाजूने आहे की काय?

मंगळवार, १७ सप्टेंबर

आयोलाने व्हिस्कीची लहान बाटली आणून ठेवली आहे, कधी कोण जाणे. पिठाच्या डब्यामागे सापडली. विचारलं तर म्हणाली, "गुडघ्याला चोळायला." मी ती घराबाहेर टाकायला लावणार होते, पण आयोलाने गुडघा धरून असा काही आवाज काढला, की मी औषध म्हणून परवानगी दिली. चोळायलाच, असं तिच्याकडून वदवून घेतलं.

दुपारी ब्युला स्ट्रिकलंड आली. पीचच्या फोडी घालून भाजलेली गोड कॉब्लर घेऊन. गेल्या कित्येक वर्षांत ती माझ्याकडे काही घेऊन आलेली नाही, न्यायला मात्र आलेली आहे. कॉफीला साखर हवी म्हणून माझ्या आधी उठली आणि स्वतःच कपाटं उघडू लागली. एक, दोन, तिसरं. साखर टेबलावरच होती. तिसऱ्या कपाटात तिला बाटली दिसली.

"ती आयोलाच्या गुडघ्याची," मी म्हटलं.

ब्युलाने माझा हात हातात घेऊन थोपटला. "हो ना. गुडघ्याचीच. माझ्या आईलाही गुडघा होता, बिचारीला."

आयोला आत आली तेव्हा ब्युलाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. आयोलाचा चेहरा आधी उतरला, मग तिला खोकला आला, आणि खोकत खोकत ती मागच्या अंगणात गेली ती बराच वेळ परत आली नाही. खिडकीतून पाहिलं तर पेअरच्या झाडाला धरून तिचे खांदे हलत होते. छातीत कफ असावा. रात्री मोहरीचा लेप लावायला सांगितलं. नको म्हणाली.

गुरुवार, १९ सप्टेंबर

शेजारचे ब्रदर सायलस ग्रंबी संध्याकाळी व्हरांड्यात आले. विधुर आहेत, रेल्वेत झोपण्याच्या डब्यावर नोकरी केली, आता चर्चमध्ये खालच्या पट्टीत गातात आणि टोमॅटो लावतात. कुंपणावरून आमचं बोलणं होतं ते फक्त त्यांच्या कुत्र्याबद्दल. आज हातात हॅट धरून उभे.

"बाई, बसू का?"

"खुर्ची आहे."

बसले. रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी दारू सोडली एकसष्ट साली."

"चांगलं केलंत."

"संध्याकाळची वेळ सगळ्यात वाईट, बाई. दिवस कसाही जातो. ऊन उतरलं, घर गप्प झालं, की ती हाक मारते. अशा वेळी शेजारी कोणीतरी बसलेलं असावं. बोललं नाही तरी चालतं."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे ओलसर. हात गुडघ्यांवर घट्ट. इतकी वर्षं नेटाने काढून हा माणूस पुन्हा घसरायला आला आहे, हे माझ्या तत्काळ लक्षात आलं. मद्यनिषेध समितीच्या चिटणिसाने अशा वेळी तोंड फिरवून चालत नाही.

"रोज साडेपाचला येत जा," मी म्हटलं. "मी इथेच असते."

त्यांचा चेहरा इतका उजळला, की आपण वेळेवर हात दिला याचं मला समाधान वाटलं.

"अशी हिंमत लागते, बाई," ते म्हणाले.

"तुमच्याकडे आहे ती," मी त्यांना धीर दिला.

रविवार, २२ सप्टेंबर

आज मद्यनिषेध रविवार. दरवर्षी मुलांकडून मी शपथ वदवून घेते आणि मोठ्यांसमोर दहा मिनिटं भाषण करते. दरवर्षी मोठे लोक घड्याळाकडे पाहतात. या वर्षी मात्र जे घडलं, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं आहे.

मी उभी राहिले आणि हॅट सरळ केली. पहिल्या तीन बाकांवर एकदम शांतता पसरली. मी म्हटलं, "मंडळी, दारू पिणाऱ्याला वाटतं, आपलं कोणाला कळत नाही. तो चांगले कपडे घालतो, वेळेवर चर्चला येतो, पहिल्या बाकांवर बसतो. पण शेजारी बसणाऱ्याला सगळं कळतं."

ब्युलाने हुंदका दिला.

"तो म्हणतो, ही औषधाची आहे. म्हणतो, गुडघ्याची आहे." हे मला ऐन वेळी सुचलं. आयोलाच्या बाटलीवरून.

"सांग, सिस्टर," मागून कोणीतरी म्हणालं. "सावकाश सांग. घाई नको."

मी घाई करतच नव्हते. पण प्रतिसाद मिळाल्यावर बोलणाऱ्याला जोर येतो. मी म्हटलं, की एकटेपणा हे दारूचं दार आहे. ज्याचं काम काढून घेतलं, ज्याचं घर गप्प झालं, त्याच्या दाराशी ती येऊन बसते. हे ब्रदर ग्रंबींच्या बोलण्यातून घेतलं होतं. त्यांचं नाव अर्थात घेतलं नाही. गायकांच्या रांगेत ते उभेच राहिले आणि दोन्ही हात वर केले. मला त्यांची काळजी वाटली.

"अशा माणसाला हाकलू नका," मी शेवटी म्हटलं. "त्याच्या हातातलं काम काढू नका. त्याला काम द्या."

सगळं चर्च रडत होतं. चर्चचा कारभार पाहणारे म्हातारे डीकन ॲम्ब्रोज, जे माझ्या प्रत्येक भाषणात झोपतात, ते काठी टेकत पुढे आले आणि मला मिठी मारली. त्यांच्यामागे रांग लागली. आयोलाने गाण्याच्या पुस्तकात तोंड खुपसलं होतं आणि पुस्तक थरथरत होतं. तिच्यावरही परिणाम झाला, म्हणजे भाषण खरोखरच चांगलं झालं असणार.

मुलांनी शपथ घेतली. मीही दरवर्षीप्रमाणे त्यांच्याबरोबर मोठ्याने घेतली. तेव्हा टाळ्या झाल्या. आजवर कधी झाल्या नव्हत्या.

गुरुवार, २६ सप्टेंबर

काल टार्व्हरने चर्चच्या तळघरात प्रोजेक्टर लावून दाखवला. बायबलमधल्या जेरिको शहराच्या भिंती पडद्यावर पडल्या, आणि मुलं इतकी ओरडली, की वर गायकांचा सराव थांबला. मी मागे उभी होते. एकाही मुलाने मला पाहून पाठ ताठ केली नाही.

आज सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. पुस्तकं नीट लावली, पुन्हा काढून पुन्हा लावली. भाषणाला माणसं रडतात म्हणून मतं देतातच असं नाही, हे मला कळतं. लोक हल्ली मला रस्त्यात थांबवतात, हात दाबतात, 'देव तुमच्या पाठीशी आहे' म्हणतात. हे तर हरणाऱ्याला म्हणतात.

साडेपाचला ब्रदर ग्रंबी आले. मी त्यांना हे बोलून दाखवलं. दाखवायचं नव्हतं, पण त्यांना गप्प बसता येतं आणि गप्प माणसासमोर जास्त बोललं जातं.

"पद गेलं तर काय कराल, बाई?"

"रविवारी सकाळी घरी बसेन."

"नाही," ते एकदम म्हणाले. "घरी एकटं बसायचं नाही. मी येईन. मासे धरायला जाऊ."

"रविवारी सकाळी मासे धरणं पाप आहे."

"मग सोमवारी जाऊ."

त्यांनी टोमॅटो आणले होते. छान आहेत. गंमत म्हणजे आज त्यांच्या मोहाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. माझ्या सहवासाचा उपयोग होतो आहे.

शनिवार, ५ ऑक्टोबर

दुपारी आयोलाच्या खोलीत गेले, तर ती माझी निळी हॅट उलटी मांडीवर घेऊन बसलेली. हातात औषधाचं ड्रॉपर.

"काय चाललंय?"

"पिसं साफ करते आहे. उद्या सगळ्यांची नजर तुझ्याकडे असणार."

"पिसं तर वरच्या बाजूला आहेत."

"आतून भिजवली की वरून चमकतात," आयोला म्हणाली. "स्पिरिटने. आज जरा जास्तच लागणार, उद्याचं काम मोठं आहे."

पिसं आतून साफ करतात, हे मला ठाऊक नव्हतं. गृहशास्त्र मी कधी घेतलं नाही. बाटली जवळजवळ संपली आहे. मी तिला गुडघ्याबद्दल विचारलं. "कोणता गुडघा?" ती म्हणाली, आणि लगेच, "हो, बरा आहे."

बारीकसारीक गोष्टींत ती माझ्यासाठी एवढी झटते आहे, हे पाहून मला थोडं भरून आलं.

रविवार, ६ ऑक्टोबर

सगळं क्रमाने लिहिते.

प्रवचनानंतर मंडळी बसून राहिली. आधी टार्व्हर बोलला. नवा सूट, नवी टाय. मुलांना आजच्या काळाचं शिक्षण हवं वगैरे. इथपर्यंत ठीक होतं. मग तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला कोणाचं नाव घ्यायचं नाही. पण आपली लेकरं ज्या हातांत द्यायची, ते हात रविवारी सकाळी थरथरत नाहीत ना, एवढं प्रत्येकाने पाहावं. आणि ज्याला नाक आहे, त्याने ते वापरावं."

हा माझ्या वयावर शेरा होता. शिवाय माझ्या नाकावर. मला वास येत नाही हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. असल्या दुखण्यावरून माणसाला हिणवणं नीचपणाचं आहे.

मी उठले. दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले. "पाहा," मी म्हटलं. "थरथरताहेत का? आणि नाकाचं म्हणाल, तर ते गेलं आहे, हे मी कधी लपवलेलं नाही. ज्याला जे दिसतं, ते मला तोंडावर सांगा. मी लाजत नाही."

चर्चमधून असा आवाज उठला, की मी थोडी मागे सरले. ब्युला स्ट्रिकलंड उभी राहिली. तिची हॅट वाकडी झाली होती.

"ल्यूशियस टार्व्हर, तुझ्या आईने तुला हे शिकवलं? या बाईने दोन आठवड्यांपूर्वी इथे उभं राहून आपलं काळीज काढून ठेवलं. सगळ्यांदेखत. तू काय काढून ठेवलंस? प्रोजेक्टर?"

"मी तेवढंच म्हणतोय, ब्युलाआत्या, की आजसुद्धा, अगदी आत्ता इथे बसूनसुद्धा—"

"आजसुद्धा," डीकन ॲम्ब्रोज काठी आपटत म्हणाले. "आजसुद्धा ती आली. वेळेवर आली. पडलेला माणूस उठतो तेव्हा लगेच धावत नाही, पोरा. खाली बस."

"खाली बस, ल्यूशियस," त्याच्या आईने सांगितलं. तो बसला.

कोण पडलं होतं, हे मला कळलं नाही. डीकन हल्ली बरळतात. पण लोक 'आमेन' म्हणत होते, आणि मला त्यांचा रोख माझ्या बाजूने वाटला, म्हणून मध्ये बोलले नाही.

चिठ्ठ्या उघडल्या. टार्व्हरला त्याच्या चुलतभावांची मतं मिळाली. त्याच्या आईने मला नंतर कानात सांगितलं, की तिचंही मत मलाच होतं.

मी पुन्हा प्रमुख आहे. पायऱ्या उतरताना पाय जमिनीला लागत होते की नाही, सांगता येत नाही. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि छत्री मी आत विसरले होते. ते मला घरी आल्यावर कळलं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

हॅट पार भिजली. वाळावी म्हणून आज संध्याकाळी व्हरांड्यात बसून अस्तर उसवलं. आतून लाल फ्लॅनेलची पिशवी निघाली.

मी आयोलाला हाक मारली. ज्या आवाजात मी एकेकाळी शंभर मुलं गप्प केली, त्या आवाजात. ती ॲप्रन तोंडाला लावूनच आली.

"हे माझ्या डोक्यावर बसून होतं? चर्चमध्ये?"

"तू म्हणालीस, तुला दिसणार नाहीत अशा ठिकाणी ठेव. आता स्वतःच्या डोक्यावरचं तुला कसं दिसणार?"

एवढ्यात साडेपाच झाले आणि ब्रदर ग्रंबी आले. मी पिशवी त्यांच्यासमोर धरली, म्हणजे आयोलाला साक्षीदारासमोर लाज वाटेल. त्यांनी ती माझ्या हातून घेतली. वजन पाहिलं. मग नाकाजवळ नेली.

तिथेच थांबले. पिशवीकडे पाहिलं, उसवलेल्या हॅटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"होलोवे बाई," ते फार हळू म्हणाले, "तुम्ही आयुष्यात कधी दारूचा घोट घेतलाय?"

"काय प्रश्न आहे हा? कधीही नाही."

"एकही नाही?"

"ब्रदर ग्रंबी, मी समितीची चिटणीस आहे."

ते खाली पायरीवर बसले आणि हसू लागले. रेल्वेतला माणूस, छाती मोठी, हसू थांबेना. त्यांचा कुत्रा कुंपणापलीकडे भुंकू लागला. आयोलाही पायरीवर बसली आणि तीही. मी उभी. अंधश्रद्धेचं हसू येतं हे खरं, पण इतकं?

थोड्या वेळाने ते डोळे पुसत आयोलाला म्हणाले, "चर्चमध्ये सगळी माणसं इतकी खूश आहेत. राहू दे." निवडणुकीच्या निकालाबद्दल असावं.

मी दोघांना शांतपणे समजावून सांगितलं, की या प्रकाराने मुळाचा फोलपणाच सिद्ध झाला. मूळ डोक्यावर आहे हे मला माहीत नव्हतं. मतदारांनाही माहीत नव्हतं. म्हणजे मी जिंकले ती भाषणामुळे आणि सव्वीस वर्षांच्या कामामुळे.

"बरोबर आहे, ताई," आयोला म्हणाली. इतक्या पटकन ती कधी हार मानत नाही. मग ब्रदर ग्रंबींच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाली, "पण तुम्ही हात लावलात. जॉनसाहेब आता तुमचे झाले."

त्यांनी मूठ मिटली. "पितात का?"

"मतदानाला व्हिस्की लागते. बाकीच्या कामांना गुलाबपाणी चालतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"बाकीची कामं म्हणजे कोणती?" मी विचारलं.

ब्रदर ग्रंबींनी पिशवी खिशात ठेवली. कचऱ्यात टाकणार असतील.

मग उठून स्वतःची हॅट हातात फिरवत म्हणाले, "बाई, आता मी संध्याकाळी यायची तशी गरज उरलेली नाही."

म्हणजे ते सावरले. माझं काम पूर्ण झालं. यावर आनंद व्हायला हवा होता. मी व्हरांड्यातली दुसरी खुर्ची पाहिली आणि म्हटलं, "घसरायला वेळ लागत नाही, ब्रदर ग्रंबी. हलगर्जीपणा नको. येत राहा."

"होय, बाई," ते म्हणाले.

रविवार, १३ ऑक्टोबर

हॅटला नवं अस्तर लावलं, स्वतः. वाळवली, ब्रश केली, दोन दिवस उन्हात ठेवली.

चर्चमध्ये ब्युलाने शेजारी बसताच माझ्याकडे तोंड वळवून लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "वर्नेटा," ती म्हणाली, "तू करून दाखवलंस." तिने मागच्या बाकावर सांगितलं, मागच्याने त्याच्या मागे. बाहेर पडताना प्रत्येक जण जवळ येऊन, श्वास घेऊन, मला मिठी मारत होता. पास्टर म्हणाले, "एका वेळी एकच दिवस धरून चला, सिस्टर." टार्व्हरसुद्धा आला. मान खाली घालून म्हणाला, "मी चुकलो, बाई." मी त्याला माफ केलं आणि प्रोजेक्टर महिन्यातून एकदा, वचनं पाठ झाल्यावर, लावायची परवानगी दिली.

नव्या अस्तराएवढ्या लहान गोष्टीचीही आपली माणसं दखल घेतात. मी गावाला कडक आहे, पण गाव चांगलं आहे.

रविवार, २७ ऑक्टोबर

शाळा उत्तम चालली आहे. आज सर्वांनी कुरकूर न करता तेविसावं स्तोत्र म्हटलं.

ब्युला कानात म्हणाली, "सायलस ग्रंबीला हल्ली गुलाबांचा वास येतो. आठवड्याला वाढतोच आहे." मला काही सांगता येत नाही. पण ते नवीन शर्ट घालतात, वेळेवर येतात, आणि बसल्या बसल्या कोटाच्या खिशात जायफळाएवढं काहीतरी चाचपत असतात. बहुधा जायफळच असेल. मागच्या आठवड्यात माझ्या पुडिंगची कृती विचारत होते.

सोमवारी मासे धरायला जायचं आहे. निळी हॅट घालावी म्हणते.